धोक्याची कळ

काही वाक्ये अशी असतात की ती खरी आहेत काय, हे विचारण्याची कुणाला गरजच भासत नाही. ती कानाला गोड लागतात, उच्चारणाऱ्याच्या पदरी थोडेसे शहाणपण टाकतात, आणि त्यांवर दूरच्या देशाचा शिक्का असल्यामुळे त्यांची शहानिशा करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. 'चिनी भाषेत संकट हा शब्द दोन अक्षरांनी लिहितात. त्यांपैकी एकाचा अर्थ धोका आणि दुसऱ्याचा अर्थ संधी' हे वाक्य याच जातीचे आहे. व्याख्यानमालांच्या उद्घाटनांत, पदवीदान समारंभांत, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आणि अलीकडे मराठी नियतकालिकांच्या अग्रलेखांतही ते निर्धास्तपणे वावरत असते. मंदी आली की ते येते, पूर ओसरला की ते येते, आणि २०२० साली महामारी आली तेव्हा तर त्याला ऊत आला होता.

हे वाक्य चुकीचे आहे, इतकेच सांगून आम्ही थांबणार असतो तर या पानांवर जागा अडविण्याचे कारण नव्हते. चुकीची वाक्ये पुष्कळ असतात आणि त्यांतली बहुतेक आपल्या मरणाने मरतात. हे मात्र मरत नाही. शिवाय ते ज्यांच्या तोंडी असते त्यांचे काही बिघडवीत नाही. ज्यांना ते ऐकविले जाते त्यांचेच बिघडवते. म्हणून त्याची झडती घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. झडतीची सुरुवात अर्थात ज्या अक्षरावर सगळी मदार आहे त्या अक्षरापासूनच केली पाहिजे.

तो चिनी शब्द आहे 'वेइजी'. त्यातील पहिल्या अक्षराबद्दल तंटा नाही. चिनी अक्षरांची घडण सांगणारा पहिला मोठा कोश श्यू शन या पंडिताने इ. स. १०० मध्ये पूर्ण केला. 'शुओवन' या नावाने तो ओळखला जातो. त्यात 'वेइ'चा अर्थ, उंचावर असणे आणि भय वाटणे, असा दिला आहे. कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाची जी अवस्था, ती 'वेइ'. खरा घोटाळा आहे तो दुसऱ्या अक्षराचा, म्हणजे 'जी'चा.

जुन्या पद्धतीने लिहिले असता हे अक्षर सोळा रेघांचे होते. डाव्या अंगाला चार रेघांचे 'लाकूड' हे चिन्ह असते आणि उजव्या अंगाला बारा रेघांचा एक अवयव, ज्याचा उच्चारही 'जी' असाच आहे. या उजव्या अवयवात वरच्या बाजूस बारीक सुताच्या दोन लडींसारख्या आकृती आहेत आणि त्यांच्याखाली शस्त्र घेऊन पहारा देणाऱ्याचे चिन्ह आहे. डावा अवयव सांगतो की वस्तू लाकडाच्या जातीची आहे; उजवा सांगतो की तिचे नाव कसे उच्चारावे. चिनी लिपीतील बहुसंख्य अक्षरांची घडण हीच आहे. श्यू शनच्या कोशातील ९,३५३ अक्षरांपैकी ढोबळ मानाने पाचांतील चार अशीच, एका बाजूने विषय सुचविणारी आणि दुसऱ्या बाजूने ध्वनी सांगणारी, आहेत. चिनी लिपी म्हणजे चित्रांची मालिका, ही आमच्याकडील सार्वत्रिक समजूत येथेच गळून पडते. चित्रे आहेत, पण ती मूठभर. बाकीचा कारभार ध्वनीचा आहे.

आता या अक्षराचा अर्थ. बाण सुटणे ज्या भागाच्या स्वाधीन असते तो 'जी', असे श्यू शन सांगतो. प्राचीन चिनी सैन्यात आडवे धनुष्य वापरीत. त्याची ओढलेली दोरी एका खटक्यात अडकवून ठेवीत आणि तो खटका दाबताच बाण सुटे. त्या धनुष्यांचे कांस्याचे खटके उत्खननांत सापडले आहेत. सम्राट छिन श-ह्वांगच्या समाधीजवळच्या मातीच्या सैन्यापाशीही ते सापडले. ओढलेल्या दोरीचा सारा ताण ज्या लहानशा तुकड्यावर तोललेला असतो, जो बोटभर हलला की सुटलेले परत घेता येत नाही, तो 'जी'. विणकराच्या मागालाही हेच अक्षर लावीत. तेथेही पुष्कळ धाग्यांची हालचाल एका लहान भागाच्या हालचालीवर अवलंबून असते.

या अक्षरासाठी आम्हां मराठी माणसांना दूर जावयास नको. आपल्याजवळ 'कळ' हा शब्द आहे. बंदुकीच्या बाबतीत आपण चाप म्हणतो किंवा घोडा म्हणतो, पण दाबली असता काहीतरी घडवून आणणारी जी लहानशी वस्तू, तिला मराठीत कळच म्हणतात. कळ दाबली की दिवा लागतो. कळसूत्री बाहुली नाचते. पडद्याआडून कोणी कळ फिरवतो आणि माणसे जागची हलतात. वादातील 'कळीचा मुद्दा' सुटला की बाकीचे मुद्दे आपोआप सुटतात. ('कळीचा नारद' यातील कळ कलहाशी नाते सांगणारी आहे आणि पोटात उठते ती कळ आणखी निराळी, त्या सर्वांना एका दावणीला बांधण्याचा आमचा विचार नाही. तो उद्योग आम्ही ज्यांच्याशी भांडत आहोत त्यांचा आहे.) 'जी' म्हणजे संधी असे म्हणण्याऐवजी 'जी' म्हणजे कळ असे म्हटले की या अक्षराचे सगळे कपाट कसे उघडते पाहा.

चिनी भाषेत विमानाला 'उडती कळ' म्हणतात आणि मोबाइल फोनला 'हातातली कळ'. मोटार चालविणारा तो 'कळ सांभाळणारा'. माणसाच्या कृत्यामागचा हेतू म्हणजे 'हलविणारी कळ'. गुपित या अर्थाच्या शब्दात 'कळ' आणि 'गुप्त' ही अक्षरे एकत्र येतात. संगणक काम करता करता गोठला तर 'कळ मेली' असे म्हणतात. एखाद्याच्या मनात खून करण्याचा विचार डोकावला तर त्यालाही 'मारण्याची कळ' हाच शब्द आहे. आणि होय, संधी या अर्थाचा जो सर्वसामान्य शब्द आहे त्यातही हे अक्षर आहे: 'जीह्वेइ', म्हणजे कळ आणि भेट, दोन्हींचा योग. 'संधी' हा अर्थ येथे 'भेट' या दुसऱ्या अक्षराच्या संगतीने पुरा होतो. वरील मालिकेतील इतर शब्दांत कोठे संधी दिसते, ते दाखविण्याचे आव्हान आम्ही कोणत्याही व्याख्यात्याला देतो. विमान ही उडती संधी नाही आणि खुनाचा विचार ही मारण्याची संधी नाही.

आमचे प्रतिपक्षी येथे एक गोष्ट पुढे करतील आणि ती खरी असल्यामुळे आम्हीच ती पुढे करतो. जुन्या चिनी ग्रंथांत 'जी' हे अक्षर एकटे असतानाही 'योग्य क्षण' या अर्थाने येते. सेनापतीने 'जी' गमावली, किंवा 'जी' साधून चाल केली, असे प्रयोग आहेत. पण ते कळीच्या अर्थातूनच निघाले आहेत. कळ दाबण्याचा जो नेमका क्षण, तोही 'जी'. तो क्षण चांगला की वाईट, हे अक्षर सांगत नाही. म्हणूनच चांगली संधी म्हणावयाची असेल तेव्हा चिनी लेखक त्याच्यामागे 'चांगले' या अर्थाचे अक्षर जोडतो आणि 'ल्यांगजी' असे लिहितो. 'जी'चाच अर्थ सुसंधी असता तर हे विशेषण कशाला लागले असते? चांगले अक्षर जोडले की ती चांगली कळ होते, मारण्याचे जोडले की मारण्याची, आणि धोक्याचे अक्षर जोडले की धोक्याची कळ होते. 'वेइजी' ती हीच. तिच्यात धोक्यासमोर संधी मांडलेली नाही. धोका हे कळीचे विशेषण आहे.

जुन्या लेखकांना हा शब्द कसा दिसत होता, याचा एक पुरावा पुरे आहे. पूर्व जिन राजवटीच्या अखेरच्या काळात जूगे छांगमिन नावाचा एक सेनानी होऊन गेला. सोबतचे मातब्बर एकेक करून मारले जात असलेले पाहून त्याने काढलेले उद्गार त्या राजवटीच्या इतिहासात नोंदले आहेत. त्यांचा आशय असा की, दरिद्री असताना माणूस वैभवाची इच्छा करतो आणि वैभव मिळताच त्याला 'वेइजी'वर पाऊल ठेवावे लागते. आता पुन्हा साधा माणूस होऊन राहीन म्हटले तरी ते शक्य नाही. येथे 'पाऊल ठेवणे' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. संधीवर कोणी पाऊल ठेवीत नाही. पाऊल पडते ते सापळ्याच्या कळीवर. इ. स. ४१३ मध्ये ल्यू यू याने त्याला ठार मारविले. धोका आणि संधी यांचा संगम त्याला दिसला असेल असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

आणखी एक गंमत आहे. उजव्या बाजूच्या ज्या अवयवावरून 'जी'चा उच्चार ठरतो त्याचा स्वतंत्र अर्थ श्यू शनने काय दिला आहे? सूक्ष्म, आणि धोक्याच्या जवळ आलेले. नाजूक सुतावर शस्त्राचा पहारा बसवावा लागला म्हणजे परिस्थिती बिकट आहे, अशी त्याची उपपत्ती आहे. ही उपपत्ती आजच्या अभ्यासकांना मान्य असो वा नसो. पण अक्षरे फोडून त्यांतून बोध काढावयाचाच असेल, तर सर्वांत जुना अक्षर फोडणारा ज्या अवयवात धोका पाहतो त्यात आमचे व्याख्याते संधी पाहतात, याला काय म्हणावे?

आणि फोडावयाचे म्हटले तर कोणते रूप फोडावयाचे? १९५६ पासून चीनने सोपी रूपे स्वीकारली. त्यांत या अक्षराच्या सोळा रेघांच्या सहा झाल्या. लाकूड तसेच राहिले. उजवीकडच्या बारा रेघांच्या जागी त्याच ध्वनीचे दोन रेघांचे अक्षर आले, ज्याचा अर्थ लहान चौरंग असा आहे. सूत गेले, पहारेकरी गेला, आणि धोक्याच्या शेजारी लाकडी चौरंग येऊन बसला. जपानी लोक हे सहा रेघांचे अक्षर मेज या अर्थाने वापरतात. मग आजच्या चीनमध्ये संकट म्हणजे धोका अधिक मेज, असे समजावयाचे काय? शब्दाचा अर्थ अवयवांची बेरीज करून निघतो असे एकदा मानले की अशी उत्तरे मुकाट्याने घ्यावी लागतात.

हीच रीत आमच्या भाषेला लावून पाहू. पेकिंगमधील एखादा वक्ता श्रोत्यांना असे सांगू लागला तर: 'मराठी लोकांचे शहाणपण पाहा. म्हातारपणी गुडघे धरतात त्या व्याधीला ते संधिवात म्हणतात. यातील वात म्हणजे वारा आणि संधी म्हणजे सुयोग. गुडघ्याच्या दुखण्यातही ज्यांना अनुकूल वारा दिसतो, त्या लोकांपासून आपण काही शिकले पाहिजे.' सभागृहात टाळ्या पडतील. पण आमच्या घरातील कोणतीही आजी त्याला सांगू शकेल की, बाबा रे, ही संधी म्हणजे सांधा. 'संधी' या शब्दाचा मूळ अर्थ जोड. दोन हाडांचा सांधा, दोन राज्यांचा तह, दोन वर्णांची संधी, दिवस आणि रात्र यांचा संधिकाल, आणि त्यातूनच पुढे योग्य वेळ. 'जी'चे आणि 'संधी'चे प्रवास किती समांतर आहेत, हे पाहिले म्हणजे मराठी माणसाने तरी या भूलथापेला बळी पडावयास नको होते.

अवयवांची बेरीज आमच्या नावांपर्यंत नेली तर काय होते तेही पाहू. ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. त्याच्या प्रवासवृत्तात महाराष्ट्राचे नाव चार अक्षरांत लिहिले आहे. पैकी पहिल्याचा अर्थ घासणे आणि दुसऱ्याचा दटावणे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. चीनमध्ये त्यांना 'क तीह्वा' या नावाने ओळखतात. पहिल्या अक्षराचा एक अर्थ कुऱ्हाडीचा दांडा असा आहे, दुसरे एका झुडपाचे नाव आहे. शेवटचे 'ह्वा' मात्र चीनचे वाचक असून ते जाणून जोडलेले आहे. महाराष्ट्र म्हणजे घासून दटावणारा देश आणि कोटणीस म्हणजे दांडा आणि झुडूप, असे कोणी म्हटले तर आम्ही हसू. आपल्या नावाच्या बाबतीत जे हास्यास्पद ठरते ते दुसऱ्याच्या शब्दाच्या बाबतीत तत्त्वज्ञान कसे ठरते?

मग हे तत्त्वज्ञान आले कोठून? चीनमधून तर खास नव्हे. १९३८ च्या जानेवारीत शांघायच्या एका इंग्रजी मिशनरी नियतकालिकात ते छापलेले आढळते. आदल्या वर्षी जपानी सैन्याने शांघाय आणि नानजिंग घेतले होते. अशा वेळी धर्मोपदेशकाला धीर देणारे काहीतरी हवे असणार, हे आम्ही समजू शकतो. पुढे १२ एप्रिल १९५९ रोजी इंडियानापोलिस येथे सेनेटर जॉन केनेडी यांनी ते आपल्या भाषणात वापरले, आणि तेथून अमेरिकन वक्तृत्वात ते रूढ झाले. २००७ साली ऑस्लो येथे नोबेल पारितोषिक स्वीकारताना अल् गोर यांनीही ते सांगितले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चिनी भाषेचे अध्यापक व्हिक्टर मेअर यांनी ते कसे निराधार आहे हे सविस्तर लिहून दाखविले आहे. पण अध्यापकाचा लेख चार जण वाचतात आणि अध्यक्षाचे वाक्य चार खंडांत जाते. त्याच्याही आधी, १९१९ साली, एझ्रा पाउंड या कवीने अर्नेस्ट फेनोलोसाचा एक निबंध प्रसिद्ध केला होता. चिनी अक्षर म्हणजे चालतेबोलते चित्र, ही समजूत पाश्चात्य साहित्यिकांत पसरविण्यास तो मोठा कारण झाला. त्याने इंग्रजी कवितेचे भले झाले असेल. चिनी भाषेच्या ज्ञानाचे झाले नाही.

यावर आक्षेप दोन निघतात. पहिला असा की, आता खुद्द चिनी लोकच असे बोलतात. हे खरे आहे. धोक्याचे 'जी'मध्ये रूपांतर करा, धोक्यात 'जी' आहे, अशा घोषणा चिनी अधिकाऱ्यांच्या भाषणांत गेली अनेक वर्षे ऐकू येतात. पण शब्दावर श्लेष करणे आणि शब्दाचा अर्थ सांगणे या दोन गोष्टी आहेत. चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचे अंतर आहे, म्हणून एक मेलेल्याला जाळते आणि दुसरी जिवंताला, हे आमच्याकडे शेकडो वर्षे सांगत आले आहेत. सुंदर आहे. पण त्यावरून 'चिंता' हा शब्द चितेवर अनुस्वार ठेवून तयार झाला असे कोणी व्याकरणात लिहीत नाही. चिनी माणूस आपल्या शब्दावर श्लेष करतो तेव्हा तो आपल्या घरात खेळत असतो. तो श्लेष उचलून 'प्राचीन चिनी प्रज्ञा' म्हणून विकणारा मात्र दुसऱ्याच्या घरातील खेळणे दैवत म्हणून बाजारात मांडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्युत्पत्ती चुकली तर चुकली, उपदेश तर चांगला आहे ना? संकटात खचू नये, मार्ग शोधावा, हे सांगण्यात वाईट काय? आमचे उत्तर असे की, संकटात खचू नये हे सांगावयाला चिनी अक्षर लागत नाही. ते ज्याला सांगावयाचे त्याच्या शेजारी बसून साध्या मराठीत सांगता येते. चिनी अक्षर लागते ते वेगळ्याच कामासाठी. संकट आणि संधी ही एकाच शब्दात, एकाच नाण्याच्या दोन बाजूंप्रमाणे बसविली की एक प्रश्न सोयीस्करपणे पुसला जातो: संकट कुणाचे आणि संधी कुणाची? गिरणी बंद पडते तेव्हा संकट कामगाराचे असते आणि संधी जमिनीच्या व्यापाऱ्याची. दुष्काळात संकट शेतकऱ्याचे आणि संधी सावकाराची. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार गेलेले मजूर रस्त्याने चालत गावी निघाले. त्यांचे संकट आणि त्याच काळात दुसऱ्या कुणाची झालेली भरभराट एकाच घरी नांदत नव्हती. दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या की एकाचा तोटा हाच त्याचा लाभ आहे, असे त्याला पटविता येते. पुन्हा या पटविण्याला पुरातन संस्कृतीची साक्ष मिळते, म्हणून उलट प्रश्न विचारणारा अडाणी ठरतो.

गंमत अशी की, ही गोष्ट लपविण्यासाठी ज्या भाषेचा आधार घेतला जातो ती भाषा ती लपवीत नाही. 'जी'पासून झालेला आणखी एक शब्द आहे, 'थौजी'. त्याचा अर्थ सट्टा, संधिसाधूपणा. याच शब्दाने आरंभ होणारा, सट्टेबाजी आणि नफेखोरी यांचा गुन्हा चीनच्या १९७९ च्या दंडविधानात होता. १९९७ च्या दुरुस्तीत तो वगळला. दुसऱ्याच्या अडचणीवर नजर ठेवून कळ दाबणाऱ्याला चिनी भाषेने ओळखले आहे. संस्कृतनेही ओळखले आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला जे भगदाड पाडतो त्याला 'संधी' असेच नाव आहे, आणि हिंदीतील 'सेंध' त्यातूनच आला आहे. संकटातली संधी शोधा असा उपदेश करणाऱ्यांनी आपण घरमालकाला उपदेश करीत आहोत की शर्विलकाला, हे आधी ठरवावे.

'जी'मध्ये शिकण्यासारखे काही नाही असे मात्र कोणी समजू नये. उलट, खोटा अर्थ बाजूला सारल्यावरच खरा अर्थ हाती लागतो. च्वांग-त्सूच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. कन्फ्यूशियसचा एक शिष्य प्रवासात एका म्हाताऱ्या माळ्याला भेटतो. माळी विहिरीत उतरून घड्याने पाणी आणून वाफ्यांना घालीत असतो. शिष्य त्याला सांगतो की, एका टोकाला जड असलेला लाकडी दांडा विहिरीवर बसविला तर दिवसात शंभर वाफे भिजतील. माळी उत्तरतो, मला ते यंत्र ठाऊक आहे, पण ते वापरण्याची लाज वाटते. जेथे कळीची साधने येतात तेथे कळीचे व्यवहार येतात, आणि जेथे कळीचे व्यवहार येतात तेथे माणसाचे हृदयच कळीचे होऊन जाते. ते 'कळीचे हृदय' लिहिताना हेच 'जी' अक्षर वापरलेले आहे. प्रत्येक गोष्टीत, दुसऱ्याच्या दुःखातसुद्धा, आपल्याला दाबता येईल अशी कळ कोठे आहे हे शोधणारे हृदय! आमच्या व्याख्यात्यांच्या वाक्याला इतके चोख उत्तर त्याच अक्षरात दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

बौद्ध आचार्यांनी याच अक्षराचा निराळा विनियोग केला. सहाव्या शतकातील थ्येनथाय संप्रदायाचा आचार्य ची-यी याने ऐकणाऱ्याच्या ठिकाणी असलेल्या ग्रहणशक्तीला 'जी' म्हटले आणि दाखला धनुष्याच्या कळीचाच दिला. धनुष्याला कळ असते म्हणून बाण सोडता येतो. तशी श्रोत्याच्या ठिकाणी काही सिद्धता असते म्हणून बुद्धाचा उपदेश त्याच्यापर्यंत पोचतो. आपल्या परंपरेत ज्याला अधिकार म्हणतात त्याच्या जवळपासची ही कल्पना आहे. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याची अवस्था पाहून बोलावे, हा तिचा इत्यर्थ. ज्याचे घर वाहून गेले त्याला संधीचे प्रवचन देणाऱ्याने हा अर्थ जरूर शिकावा.

ही संपत्ती आपल्याला परकी नाही. विमुत्तिमग्ग हा ग्रंथ मूळ पालीत उरला नाही, चिनी भाषांतरात टिकला. त्याची विसुद्धिमग्गाशी तुलना करून १९३७ साली पुरुषोत्तम विश्वनाथ बापट या मराठी पंडिताने ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या हाती चीनभवन सुरू झाले. ज्या शेजाऱ्याबरोबर आपण सुमारे साडेतीन हजार किलोमीटर सीमा वाटून घेतो, ज्याच्याशी १९६२ साली युद्ध झाले, ज्याच्या ग्रंथालयांत आपले हरवलेले ग्रंथ आहेत, त्याची भाषा आपण एखाद्या अमेरिकन भाषणातील एका वाक्यापुरतीच जाणावी, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. दारापुढच्या विहिरीचे पाणी सोडून समुद्रापलीकडून बाटली मागवावी आणि तीही रिकामी निघावी, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे दुःख अधिक लवकर कळेल, अशी आमची खात्री आहे. आपण 'शिक्षा' म्हणतो आणि हिंदी शेजाऱ्याला शाळा आठवते. आपण 'चेष्टा' म्हणतो आणि बंगाली शेजाऱ्याला प्रयत्न दिसतो. आपला 'राग' ऐकून हिंदी माणूस तंबोरा लावू लागतो. अक्षरे तीच असून अर्थ कसा निसटतो, हे आपण रोज बाजारात आणि कचेरीत अनुभवतो. म्हणूनच शब्द विचारल्याशिवाय समजला असे मानावयाचे नाही, हा धडा आपण गिरविला आहे. तो धडा केवळ व्यवहाराचा नाही. दुसऱ्याच्या भाषेत जाणारा माणूस पाहुण्यासारखा जातो की लुटारूसारखा, हे त्यावरून ठरते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. संपादकांनी हे वाक्य आपल्या मजकुरातून काढून टाकावे. वक्त्यांनी चीनची साक्ष काढावयाची असेल तर आधी चिनी शिकावे, निदान चिनी जाणणाऱ्याला विचारावे. आणि 'वेइजी'ला मराठी शब्द हवाच असेल तर तो 'धोक्याची कळ' हा घ्यावा. पूर येण्यापूर्वी धरणाच्या दारांवर, आग लागण्यापूर्वी गोदामाच्या तारांवर, दंगल पेटण्यापूर्वी एखाद्या अफवेवर सारा ताण तोललेला असतो. त्या क्षणी संधी शोधण्यात गुंतलेल्या माणसाचे बोट नेमके कळीवरच असते. ते बोट काढून घ्यावे, एवढेच हे अक्षर त्याला सांगत आहे.